केडगाव : दुःखातून उभे राहिलेले घर

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी हडपसर, मांजरी मागे टाकून लोणीच्या पुढे आली, की शहर संपते. खिडकीतून उसाचे मळे दिसू लागतात. उरुळी कांचन येते. महात्मा गांधींनी १९४६ साली इथे निसर्गोपचार सुरू केला, तो आश्रम आजही चालू आहे. मग यवत. इथून जवळच डोंगरावर भुलेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्यानंतर खुटबाव आणि मग केडगाव. पुण्यापासून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. अहिल्यानगरजवळही एक केडगाव आहे. हे मात्र पुणे जिल्ह्यातले, दौंड तालुक्यातले. मोटारीने यायचे तर सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला वळायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी मी या गाडीत बसले होते आणि समोरच्या बाकावर माझी आई होती. काम माझे होते. पंडिता रमाबाईंनी उभारलेले मुक्ती मिशन पाहून त्यावर लिहायचे होते. आईला मी आग्रहाने सोबत घेतले, त्याला कारण होते.

त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी बाबा गेले. पुढे दोन महिन्यांनी संक्रांत आली. आमच्या इमारतीतले हळदीकुंकू वीस वर्षे आईच्या पुढाकाराने होत असे. वाण काय लुटायचे, तिळगूळ कोणी करायचा, सगळे ती ठरवायची. त्या वर्षी शेजारच्या दोघी आमंत्रण द्यायला आल्या. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही नक्की या." मग आईकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाल्या, "काकू, तुम्ही आराम करा हं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्या गेल्यावर आईने दार लावले आणि म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचे."

मला धक्का बसला तो या वाक्याचा. माझी आई एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. पंडिता रमाबाईंवरचा पाठ तिने किती वर्गांना शिकवला असेल, त्याची गणती नाही. तीच आता "बरोबरच आहे" म्हणत होती. त्यानंतर ती फारशी घराबाहेर पडेनाशी झाली. म्हणून, केडगावला जायचे ठरल्यावर मी म्हटले, "आई, तू चल. तुला रमाबाई पाठ आहेत. मला मदत होईल."

ती आली. गाडीत मात्र एक शब्द बोलली नाही.

दुष्काळाची लेक

मिशनच्या आवारात शिरताना आधी जाणवते ती शांतता, आणि मग झाडे. नाताळ होऊन पंधरवडा उलटला होता, तरी एका व्हरांड्यात कागदी चांदण्या अजून लटकत होत्या. परवानगी आधीच घेतली होती. आम्हाला परिसर दाखवायला एक ताई आल्या. "सलाम," असे म्हणून त्यांनी हात जोडले. आईनेही हात जोडले.

रमाबाईंची कथा ठाऊक असली, तरी त्या मातीत उभे राहून आठवताना ती वेगळी वाटते. जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर पायी फिरले. १८७४ च्या आसपासच्या दुष्काळात आधी वडील, मग आई आणि पाठोपाठ बहीण अशी एकेक माणसे गेली. मागे राहिली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा.

चालत चालत ती दोघे १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची संस्कृतवरची हुकमत पाहून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ गेला. त्याच वर्षी, १८८० मध्ये, त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जातीबाहेरचा, प्रांताबाहेरचा विवाह. लेक झाली, तिचे नाव मनोरमा. उणीपुरी दोन वर्षे संसार झाला आणि १८८२ च्या प्रारंभी पटकीने बिपिनबिहारीही गेले.

तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल, सासर-माहेरचे पाश तुटलेले. कोणीही कोलमडून पडावे, अशी ही स्थिती. रमाबाई पुण्याला आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज काढला. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात, असे हंटर आयोगापुढे सांगितले. १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होणे हुकले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

पंडितेचा हट्ट

"धर्म बदलला म्हणून पुण्याने त्यांना माफ केले नाही," आई म्हणाली. सकाळपासूनचे तिचे ते पहिले वाक्य होते.

ते खरेच आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. त्यांच्याशीच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. म्हणजे महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा एक मोठा धागा थेट या सदनातून निघतो. पण त्याच १८९३ साली काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाहेर पडले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांच्या मनातली भीती खोटी नव्हती आणि रमाबाईंची श्रद्धाही खोटी नव्हती. दोन्ही बाजू आज शांतपणे समजून घेता येतात.

मात्र, नवा धर्म स्वीकारला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नव्हती. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी धर्मतत्त्वांवर वाद घातले. क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, आपल्याला कळेल अशा संस्कृतात का नकोत, असे विचारले. परदेशातही शाकाहार सोडला नाही. पांढरी साडी सोडली नाही. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म आधी सापडला आणि ख्रिस्त मात्र कितीतरी नंतर, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिले आहे. नियम, विधी, पंथ हे सारे ओलांडून प्रेम करणारा देव भेटायला त्यांनाही वर्षे लागली.

आई म्हणाली, "हा भाग पाठात नव्हता."

स्वतःची भूक आठवली म्हणून

केडगाव घडले ते १८९६-९७ च्या दुष्काळामुळे. मध्य प्रांतात माणसे उपाशी मरत असल्याच्या बातम्या आल्या. अनाथ मुली आणि विधवा चुकीच्या हातांत पडत होत्या. रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व स्त्रिया सोबत घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथेच झोपड्या, तंबू उभे राहिले. त्या वस्तीचे नाव 'मुक्ती'. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि इथली संख्या दीड हजाराच्या वर गेली.

दीड हजार जणींचा स्वयंपाक, पाणी, कपडे, औषधपाणी! ताईंनी आम्हाला विहीर दाखवली तेव्हा हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहिला. या विहिरी दुष्काळात खणल्या. प्रार्थना चालू होती आणि पहारही चालू होती. इथे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या, हे मला त्या काठावर उभे राहून कळले. आलेली प्रत्येक मुलगी वाचायला शिकत असे आणि एखादे काम शिकत असे. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभते, शिवण, छपाई. आपल्या भाकरीची सोय आपल्या हातांनी करता आली, की मान वर होते, हे रमाबाईंना ठाऊक होते. ज्यांना कोणीच घरात घेत नव्हते अशा स्त्रियांसाठी कृपासदन झाले, वृद्धांसाठी प्रीतिसदन झाले. अंध मुलींनाही वाचायला आणि हातकाम करायला शिकवले गेले.

मिशनचे दगडी चर्च मोठे आहे. त्याचा पाया १८९९ मध्ये घातला गेला. आत शिरल्यावर उन्हाचे पट्टे फरशीवर पडले होते. आम्ही मागे बसलो. आपल्या देवळात गाभाऱ्याकडे नजर जाते. इथे नजर कुठे ठेवावी, ते मला पटकन कळेना. मग लक्षात आले, की समोरची मोकळी जागा माणसांनी भरण्यासाठी आहे. दुष्काळातून आलेल्या, कोणाच्याच नसलेल्या मुली इथे एकत्र बसत असतील, एका सुरात गात असतील. रेव्हरंड टिळकांमुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंगाची चाल आली. त्यामुळे इथले भजन आपल्या कानाला परके वाटत नाही.

ताईंनी इथल्या बायबलची हकीकत सांगितली. तेव्हा असलेले मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला कळण्याजोगे नाही, असे रमाबाईंना वाटे. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. जिला संस्कृत मुखोद्गत होते त्या पंडितेने जड शब्द निवडून निवडून बाजूला ठेवले. इथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवले, इथल्याच छापखान्यात ते छापले. काम पुरे होत आले असताना, १९२१ मध्ये, मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात असलेली एकुलती एक लेक. रमाबाईंची स्वतःची प्रकृतीही ढासळली होती. त्यांनी देवाकडे मुद्रिते तपासण्यापुरते दिवस मागून घेतले, असे इथे सांगतात. काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

रमाबाईंची कबर याच आवारात आहे. आई तिथे बराच वेळ उभी होती. परत येताना म्हणाली, "लेक गेल्यावरही मुद्रिते तपासली त्यांनी." मी काही बोलले नाही.

एक नाणे

दुपारी एका व्हरांड्यात काही वृद्ध स्त्रिया उन्हाला बसल्या होत्या. त्यांतल्या एका आजींना दिसत नव्हते. आईने "कशा आहात?" एवढेच विचारले. आजींनी चटकन मान वळवली.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवत होता ना?"

"कशावरून ओळखलेत?"

"शब्द सुटे सुटे बोलता. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे."

आई हसली. कितीतरी महिन्यांनी तिला असे हसताना पाहत होते. आजी म्हणाल्या, "मला वाचून दाखवणारी पोरगी आज परीक्षेला गेलीय. तुम्हाला घाई नसेल तर जरा वाचता का? तुमचा धर्म वेगळा असला तरी चालेल. गोष्टच आहे."

आईने चष्मा काढला. पुस्तकात खूण घातलेली होती. लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला होता. एका बाईकडे दहा नाणी असतात. त्यांतले एक घरातच कुठेतरी हरवते. नऊ शिल्लक आहेत, असे म्हणून ती गप्प बसत नाही. दिवा लावते, झाडू घेते, सगळे घर झाडून काढते आणि ते सापडेपर्यंत शोधत राहते. सापडल्यावर मैत्रिणींना, शेजारणींना बोलावून आनंद करते. येशूने ही गोष्ट देवाविषयी सांगितली. देव हरवलेल्या माणसाला असा शोधतो, हे सांगताना त्याने दाखला दिला तो झाडू हातात घेतलेल्या बाईचा.

आईने ती गोष्ट वाचली तशी एकेकाळी ती वर्गात कविता वाचत असे. वाचून झाल्यावर आजींनी विचारले, "बाई, नाणे हरवले म्हणून त्याची किंमत कमी झाली का हो?"

आई लगेच बोलली नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही."

"तेच तर. अंधारात पडलेला रुपयासुद्धा रुपयाच असतो. दिसत नाही एवढेच."

आईने चष्मा पुसला. मी विषय बदलावा म्हणून आजींना विचारले, "आजी, तुम्ही दिवसभर प्रार्थना करता का?"

"दिवसभर कशाला गं? सकाळी उठल्यावर देवाला विचारायचे, आज माझ्याकडून काय काम आहे? मग ते करायचे. परवा लसूण सोलायचे होते. काल एक लहान पोर रडत होती, तिला मांडीवर घेतले. आज तुमच्या आईचा आवाज ऐकायचा होता." त्या खळखळून हसल्या.

एवढी सोपी व्याख्या मी कुठल्या प्रवचनात ऐकली नव्हती. मोठा शोक असो की छोटी कुरकुर, आजचे एक काम शोधायचे आणि ते करायचे. रमाबाईंनी आयुष्यभर हेच केले. आईवडील गेले, भाऊ गेला, पती गेला, लेक गेली. प्रत्येक घावानंतर त्यांनी कोणासाठी तरी एक दार उघडले. दुःख संपण्याची वाट पाहत बसल्या असत्या, तर केडगावला काहीच उभे राहिले नसते.

निघताना आजींनी आईचा हात हातात घेतला. "पुन्हा या, बाई. पुढची गोष्ट राहिलीय." आईने "येईन" म्हटले. ती तोंडदेखले बोलत नाही, हे मला माहीत आहे.

परतीची गाडी

परतीच्या गाडीला वेळ होता. या भागात थंडीच्या दिवसांत गुऱ्हाळे जोरात असतात. रस्त्याकडेला एका गुऱ्हाळावर काहील उकळत होती. सगळीकडे गोड, धुरकट वास पसरला होता. आईने गुळाची ढेप बोटाने दाबून पाहिली, बारकासा खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "चिक्कीचा नाही, साधा द्या. पाच किलो."

"एवढा?" मी विचारले. घरी आम्ही दोघीच.

तिने उत्तर दिले नाही. गाडीत बसल्यावर पिशवी पायाशी नीट ठेवली. यवत गेले, उरुळी गेले. बाहेर ऊस अंधारात बुडत चालला होता. लोणी जवळ आले तेव्हा ती म्हणाली, "पाच किलो गुळाला तीळ किती लागतील, हिशेब कर बरं. शेंगदाण्याचे कूटही धर."

मी वही काढली.

"संक्रांतीला आपल्याकडे बोलवू सगळ्यांना. त्या दोघी शेजारणींना. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांना कोणी बोलावत नाही. स्वयंपाकाच्या बाईंना आणि त्यांच्या सासूबाईंना. हळदीकुंकू ज्यांना हवे त्यांनी लावावे. तिळगूळ मात्र सगळ्यांना."

"आणि वाण काय द्यायचे?" मी विचारले.

आई खिडकीबाहेर पाहत होती. हडपसरचे दिवे दिसू लागले होते.

"पणती देऊ," ती म्हणाली.